गोवर एकदाच येतो, फ्लू मात्र पुन्हा पुन्हा: शरीराची स्मृती नेमकी कशावर ठरते?

नीलांबरी (प्रश्न)

मला सहाव्या वर्षी गोवर आला होता, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. गेल्या वर्षी घरातल्या एका लहान मुलाला गोवर झाला, तेव्हा त्याची सगळी शुश्रूषा मीच केली आणि मला काहीही झाले नाही. डॉक्टरांनी आधीच निःशंकपणे सांगितले होते की एकदा येऊन गेला असल्यामुळे मला भीती नाही. फ्लू मात्र मला मागच्या पाच वर्षांत तीनदा झाला. जखम झाली की धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते, हे दर वेळी विचारले जाते, म्हणजे त्या लशीचा परिणामही कायमचा नसावा. वडिलांना लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याच विषाणूमुळे त्यांना नागीण झाली.

त्यातच कामाच्या ठिकाणी झालेल्या तपासणीत माझ्या रक्तातील हिपॅटायटिस-बीविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिने, कमी झालेली आढळली. बारा वर्षांपूर्वी मी या लशीचे तिन्ही डोस घेतले होते. त्यानंतर केलेल्या चाचणीत प्रमाण उत्तम होते, आता मात्र ते १० या मर्यादेच्या खाली, ६ वर आले आहे.

प्रतिकारशक्ती चांगली किंवा कमकुवत असते, असे आपण सर्रास म्हणतो. पण शरीर तर माझे एकच आहे, मग ते एका रोगाची आठवण चाळीस वर्षे जपते आणि दुसऱ्याची दोन वर्षेही टिकत नाही, असे का व्हावे? जाणकारांनी थोडे विस्ताराने लिहिले तर मी आभारी राहीन.

सूक्ष्मदर्शी

नीलांबरीताई, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. आपण म्हणता ते बरोबर आहे: प्रतिकारशक्तीला एखाद्या टाकीतील पाण्यासारखी, कमी-जास्त होणारी एकच वस्तू मानले की यातले काहीच उलगडत नाही.

आधी गोवराविषयी. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. त्या बेटांवर त्याआधीचा गोवर १७८१ मध्ये येऊन गेला होता आणि मधली ६५ वर्षे तो रोग तिथे नव्हता. सुमारे ७,८०० वस्तीपैकी जवळपास ६,००० लोक आजारी पडले. पेटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरला तिथे पाठवण्यात आले होते. १७८१ मध्ये ज्यांना गोवर झाला होता अशा वृद्धांची त्याने कसून चौकशी केली, तेव्हा त्यांच्यापैकी एकालाही दुसऱ्यांदा गोवर झालेला त्याला आढळला नाही. ज्या वृद्धांची त्या पहिल्या साथीतून सुटका झाली होती, ते मात्र या वेळी इतरांसारखेच आजारी पडले. म्हणजे वृद्धांना वाचवणारी गोष्ट वय नव्हे, तर त्यांच्या शरीरात ६५ वर्षे टिकून राहिलेली आठवण होती. आणि त्या काळात बेटावर गोवरच नसल्यामुळे ती आठवण अधूनमधून ताजी होत राहिली असेल, असेही म्हणता येत नाही.

ही आठवण राहते कुठे, ते आता पाहू. नवा विषाणू शरीरात शिरला की त्याचे अंश जवळच्या लसिका ग्रंथींत पोहोचतात. मानेला किंवा काखेत ज्या गाठी आल्याचे आपल्याला हाताला जाणवते, त्या याच. तिथे कोट्यवधी बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवू शकणाऱ्या पांढऱ्या पेशी, असतात आणि प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक (बाहेरच्या रेणूला पकडणारे प्रथिन) वेगळ्या घडणीचा असतो. शरीराने हे वैविध्य कोणताही जंतू येण्यापूर्वीच तयार करून ठेवलेले असते. त्यातल्या ज्या मोजक्या पेशींचा ग्राहक त्या विषाणूला योगायोगाने जुळतो, त्या वेगाने विभागू लागतात. ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडलेला निवडीचा सिद्धांत तो हाच. पुढचे काही आठवडे या पेशी आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकात मुद्दाम बारीक बारीक बदल करत राहतात, अधिक घट्ट चिकटणाऱ्या पेशी टिकतात आणि बाकीच्या मरून जातात. मला स्वतःला संपूर्ण जीवशास्त्रात याहून विलक्षण घटना क्वचितच दिसली आहे, कारण उत्क्रांतीला जे साधायला युगे लागतात ते इथे एका गाठीत महिन्याभरात घडते.

यातून दोन प्रकारच्या पेशी उरतात आणि त्यांतला फरक आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. पहिला प्रकार दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींचा. त्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि शत्रू समोर असो वा नसो, दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडत राहतात. रक्तातील मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचे प्रमाण सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते, त्यामुळे चाळीस वर्षांनी आपल्या रक्तात गोवराविरुद्धची प्रतिपिंडे आढळली तर ती लहानपणीची शिल्लक नव्हेत, ती गेल्या काही आठवड्यांत तयार झालेली असतात. दुसरा प्रकार स्मृतिपेशींचा. त्या प्रतिपिंडे सोडत नाहीत, शांतपणे थांबून राहतात आणि तोच जंतू पुन्हा दिसला की तीन ते पाच दिवसांत मोठी फौज उभी करतात.

आता हे तीन ते पाच दिवस लक्षात ठेवावेत. गोवराचा अधिशयन काळ, म्हणजे विषाणू शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अवधी, दहा ते चौदा दिवसांचा असतो. शिवाय त्या विषाणूला श्वसनमार्गातून लसिका ग्रंथींत, तिथून रक्तात आणि मग त्वचेपर्यंत असा लांबचा प्रवास करावा लागतो, आणि रक्तात तर प्रतिपिंडे आधीच हजर असतात. फ्लूचा विषाणू नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरात उतरतो, तिथेच वाढतो आणि साधारण दोन दिवसांत माणसाला अंथरुणाला खिळवतो. रक्तातून फिरण्याची त्याला गरजच पडत नाही. त्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडे वेगळ्या प्रकारची असतात आणि काही महिन्यांत बरीच ओसरतात. स्मृतिपेशी जाग्या होऊन कामाला लागेपर्यंत ताप चढलेला असतो. त्या निरुपयोगी ठरतात असे मात्र नाही, कारण आजार फुप्फुसात खोल उतरण्यापासून रोखण्याचे काम त्या आणि त्यांच्या सोबतीच्या टी पेशी (विषाणू शिरलेल्या पेशींचा नाश करणाऱ्या पांढऱ्या पेशी) करतात. आपल्याला तीनदा फ्लू झाला आणि तीनही वेळा आपण घरीच बऱ्या झालात, यात त्या स्मृतीचा वाटा असण्याची शक्यता बरीच आहे.

शोधयात्री

सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलेल्यात एक मुद्दा राहिला असे मला वाटते. फ्लूचा विषाणू दर वर्षी रूप बदलतो, हे कारण आपण नेहमी ऐकतो. मग वेग आणि जागा यांपेक्षा तेच मुख्य कारण नव्हे का? आणि दुसरी एक शंका, जी मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे: प्रत्यक्ष आजाराने मिळणारी आठवण जर ६५ वर्षे टिकते, तर लस घेण्यापेक्षा लहानपणी आजार होऊन जाणेच अधिक चांगले, असा याचा अर्थ होत नाही का?

सूक्ष्मदर्शी

पहिली गोष्ट आपण योग्य वेळी काढली. तीनही कारणे एकत्र काम करतात आणि रूप बदलणे हे त्यांतले मोठे कारण आहे, हे मी लिहायला हवे होते.

फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, ज्याच्या साहाय्याने तो आपल्या पेशींना चिकटतो. आपली बहुतेक प्रभावी प्रतिपिंडे याच प्रथिनाच्या टोकाला पकडतात आणि नेमके ते टोक बदलले तरी विषाणूचे काम अडत नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धांसाठी वेगवेगळी, लशीच्या घटकांची शिफारस करावी लागते. फ्लूसारखाच गोवराचा विषाणूही आरएनए प्रकारचा, म्हणजे आपली जनुकीय माहिती आरएनए या रेणूत ठेवणारा, आहे आणि आपली प्रत काढताना तोही भरपूर चुका करतो. पण त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांत मोठा बदल झाला की त्याला पेशीत शिरताच येत नाही, त्यामुळे बदललेले विषाणू तिथेच संपतात. १९५४ मध्ये एका आजारी मुलापासून वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार झालेल्या लशी आजच्या गोवराविरुद्धही चालतात, याचे कारण हेच.

मात्र बदल हेच एकमेव कारण असते तर फ्लूची आठवणच उरत नाही असे म्हणावे लागले असते, आणि ते खरे नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९१५ किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या ३२ जणांचे रक्त तपासले गेले. त्या सर्वांच्या रक्ताने १९१८ च्या महासाथीतील विषाणूला प्रतिसाद दिला आणि काहींच्या रक्तातून त्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीही मिळाल्या. जवळपास नव्वद वर्षांनंतर! २००९ च्या महासाथीत वयस्कर मंडळींना तुलनेने कमी लागण झाली तीही अशाच कारणाने, कारण त्यांच्या लहानपणी फिरणारे विषाणू नव्या विषाणूशी बरेच मिळतेजुळते होते. शरीर फ्लू विसरत नाही. समोर येणारा विषाणू आठवणीतल्या विषाणूसारखा राहिलेला नसतो. साध्या सर्दीचे तर विचारायलाच नको, एकट्या ऱ्हायनोव्हायरसचेच १५० हून अधिक प्रकार ठाऊक आहेत आणि त्यांतल्या एकाची ओळख दुसऱ्याविरुद्ध फारशी कामी येत नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी रुग्णालयात प्रत्यक्ष रुग्ण पाहणाऱ्या कोणी द्यावे अशी विनंती करतो.

शुश्रूषा

मी संसर्गजन्य रोगांच्या विभागात डॉक्टर म्हणून काम करते, त्यामुळे ही शंका माझ्यापुरती केवळ चर्चेची नाही. आजार होऊन गेलेलाच बरा, असे म्हणताना आपण फक्त त्यातून उठलेल्या माणसांशी बोलत असतो. गोवरातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते आणि काही मुलांमध्ये तोच विषाणू मेंदूत दडून राहून सात ते दहा वर्षांनी असाध्य आजाराच्या रूपाने वर येतो. हे सगळे सोसून मिळणारी आठवण दोन इंजेक्शनांनी मिळत असेल, तर तिची किंमत मुलाने आजारी पडून चुकवावी असे मला कधीही वाटणार नाही.

पण गोवराच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. हा विषाणू ज्या ग्राहकाला पकडून पेशीत शिरतो, तो ग्राहक स्मृतिपेशींवरच मोठ्या प्रमाणात असतो. म्हणजे गोवर स्वतःची आठवण पक्की करून जातो, पण त्या ओघात इतर जंतूंविषयीच्या आठवणी साठवणाऱ्या पेशी नष्ट करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले गेले, तेव्हा त्यांच्या आधीच्या प्रतिपिंडांच्या वैविध्यातील ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला आढळला. लशीतला दुबळा केलेला विषाणू असे करत नाही. गोवरातून बरे झालेले मूल पुढे वर्ष-दोन वर्षे सतत कशाने ना कशाने आजारी पडते, ही आयांची जुनी तक्रार मी अनेकदा ऐकली होती. तिच्यामागचे कारण कळले तेव्हा आपण ती पुरेशा गांभीर्याने ऐकली नाही याचे मला खरोखर वाईट वाटले.

आजाराची आठवण नेहमी लशीपेक्षा चांगली असते, हेही खरे नाही. धनुर्वात हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. धनुर्वाताच्या जिवाणूचे विष इतके तीव्र असते की माणसाचा जीव घेण्यास पुरेशी मात्रासुद्धा प्रतिकारयंत्रणेला दखल घ्यायला लावण्यास अपुरी पडते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही आम्ही लस देतो, कारण आजाराने त्याला कोणतेच संरक्षण दिलेले नसते. नीलांबरीताईंना जखमेच्या वेळी इंजेक्शनाची तारीख विचारली जाते तीही याच विषामुळे. ते मज्जातंतूंना चिकटण्यापूर्वीच रक्तात तयार प्रतिपिंडे हवीत, स्मृतिपेशींना जाग येईपर्यंत थांबण्याची मुभा इथे नसते. विषापासून बनवलेल्या लशीची प्रतिपिंडे गोवराच्या प्रतिपिंडांपेक्षा लवकर घटतात. एका दीर्घ पाहणीत धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडे निम्मी व्हायला सुमारे ११ वर्षे लागतील असा हिशेब निघाला, तर गोवराच्या बाबतीत तो काळ २०० वर्षांहून अधिक, म्हणजे माणसाच्या आयुष्याच्या कितीतरी पलीकडचा होता.

आणि कधी कधी तर आठवणच अपाय करते. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करत नाहीत, उलट त्याला पांढऱ्या पेशींत शिरायला मदत करतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. डेंग्यूच्या परवाना मिळालेल्या पहिल्या लशीबाबतही २०१७ मध्ये हेच लक्षात आले: ज्यांना आधी डेंग्यू झालेला नव्हता त्यांच्यासाठी ती लस पहिल्या संसर्गासारखी वागली, आणि त्यानंतर तिचा वापर आधी डेंग्यू होऊन गेल्याची खात्री असलेल्यांपुरता मर्यादित करण्याची शिफारस झाली.

वडिलांच्या नागिणीविषयी थोडक्यात सांगते. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही, तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत निद्रिस्त राहतो. त्याला तिथे दाबून ठेवण्याचे काम मुख्यतः टी पेशींचे असते आणि वाढत्या वयात त्या पेशींचा जोर कमी होतो. वडिलांचे शरीर कांजिण्या विसरले नव्हते. त्यांना बाहेरून पुन्हा लागण झाली असती तर त्यांनी ती बहुधा सहज परतवली असती. नागिणीविरुद्ध पन्नाशीनंतर देता येणारी लस आहे आणि नागीण एकदा होऊन गेली असली तरी ती घेता येते, याबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी जरूर बोलावे.

नीलांबरी

आपण दोघांनी इतक्या आपुलकीने वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. नागिणीच्या लशीबद्दल आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. आता दोन गोष्टी उरतात. माझ्या अहवालातील ६ या आकड्याचे काय करावे? आणि ज्या मुलाला गोवर झाला त्याच्या जुन्या आठवणी पुसल्या गेल्या असतील, तर त्याला आधीच्या सगळ्या लशी पुन्हा द्यायच्या का?

शुश्रूषा

हिपॅटायटिस-बीच्या बाबतीत सूक्ष्मदर्शी यांनी सांगितलेला वेगाचा हिशेब आपल्या बाजूने आहे. या विषाणूचा अधिशयन काळ एक ते सहा महिन्यांचा असतो. लसीकरण पूर्ण झाल्यावर ज्यांचे प्रमाण एकदा १० मिली-आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलीलीटर या पातळीवर किंवा तिच्या वर गेले होते, त्यांच्या शरीरात स्मृतिपेशी तयार झालेल्या असतात. पुढे रक्तातील आकडा घसरला तरी विषाणू शिरल्यावर त्या पेशींना कामाला लागायला पुरेसा अवधी मिळतो. म्हणून निरोगी माणसाला केवळ आकडा कमी आला एवढ्यावरून पुन्हा डोस देण्याची शिफारस केली जात नाही. आपल्याकडे बारा वर्षांपूर्वीचा अहवाल आहे, तो जपून ठेवा, कारण आजच्या आकड्यापेक्षा तोच अधिक महत्त्वाचा पुरावा आहे. डायलिसिसवर असलेल्या किंवा प्रतिकारयंत्रणा दडपणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना मात्र हा नियम लागू होत नाही. त्यांची प्रतिपिंडे ठरावीक काळाने मोजावी लागतात आणि गरज पडल्यास त्यांना वाढीव डोस द्यावा लागतो.

मुलाच्या बाबतीत सगळ्या लशी सरसकट पुन्हा देण्याचा नियम नाही. त्याच्या लसीकरणाच्या नोंदी बालरोगतज्ज्ञांना दाखवून राहिलेले डोस, गोवराच्या लशीसह, पूर्ण करून घ्यावेत, कारण त्या एकाच लशीतून गालगुंड किंवा रुबेला यांसारख्या इतर रोगांपासूनही संरक्षण मिळते. गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस सलग दोन दिवस देण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ते त्याला आजारपणात मिळाले होते का, हेही विचारून घ्या. आणखी एखादे वर्ष तरी त्याचा ताप, खोकला किंवा कानदुखी नेहमीची म्हणून घरी अंगावर काढू देऊ नका, लवकर दाखवत जा, आणि दाखवताना गेल्या वर्षी गोवर होऊन गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.